घोट्यामागील अरुंद वाट

म्हैसूरहून हुणसूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर बारा-चौदा किलोमीटरांवर येलवाल नावाचे गाव लागते. मराठी माणसाच्या कानावर हे नाव आलेच असेल तर बहुधा एका कारणाने. १९५७ च्या सप्टेंबरात, २१ व २२ तारखांना, येथे ग्रामदान परिषद भरली होती. पंतप्रधान नेहरू आले होते, एरवी एका मांडवाखाली न बसणारे निरनिराळ्या पक्षांचे पुढारी आले होते, आणि या सर्वांना एकत्र आणणारे विनोबाजी आले होते ते पायी. १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्लीस पहिले भूदान मिळाले तेव्हापासून ते चालतच होते. इतकी वर्षे, इतक्या प्रांतांची माती तुडवीत चाललेली ती दोन पावले येलवालच्या लोकांनी पाहिली.

नोकरीच्या निमित्ताने सध्या माझा मुक्काम या गावी आहे. पावलांविषयी बोलावयाचे तर येथूनच आरंभ करणे मला सोयीचे वाटते. आणि विनोबाजींचे नाव पुढे आणखी एकदा, निराळ्या संबंधात, येणार आहे.

आपण चालतो तेव्हा जमीन ओली आहे की तापलेली, खाली खडा आहे की काटा, ही वार्ता पाऊल क्षणोक्षणी मेंदूकडे पाठवीत असते. ती नेणारा मुख्य मज्जातंतू घोट्याच्या आतल्या बाजूने एका अरुंद वाटेने जातो. ही वाट आणखी अरुंद झाली, किंवा तंतूच सुजून तिच्यात मावेनासा झाला, म्हणजे काय होते आणि अशा वेळी शस्त्रवैद्याची सुरी काय करू शकते, काय करू शकत नाही, हा आजचा विषय आहे. मी वैद्य नव्हे. कागद वाचणे आणि त्यांवर शेरे मारणे हा माझा व्यवसाय. पण एका माणसाच्या पायापायी मला हा विषय तज्ज्ञांकडून समजून घ्यावा लागला, आणि त्या माणसाच्या बाबतीत माझ्या हातून जी चूक झाली ती सांगितल्यावाचून विषयाचे मर्म ध्यानात येणार नाही.

आमच्या कचेरीत एक शिपाई आहे. वय पस्तीस-छत्तीस. म्हैसूरच्या आसपास पिढ्यान्पिढ्या राहिलेली जी मराठी घराणी आहेत त्यांपैकी एकातला. घरी जुन्या वळणाची, कानडीत न्हालेली मराठी. म्हणून माझ्याशी त्याचे बोलणे जरा अधिक. हा फायली घेऊन जिना चढू लागला की त्याची डाव्या पायातली चप्पल मधल्याच एखाद्या पायरीवर राही, आणि हा तसाच वर येई. चप्पल मागे राहिली हे दुसऱ्या कोणी सांगितल्यावाचून त्याला कळत नसे. आम्ही हसत असू. "अरे, तुझी चप्पल रजेवर गेली," असे एकदा मीच म्हणालो, आणि सर्वांनी त्या विनोदाला साहेबाच्या विनोदाला द्यावी तेवढी दाद दिली. पुढे एकदा मनात काही आले म्हणून विचारले, "पाय दुखतो काय रे?"

"नाही साहेब. अजिबात दुखत नाही."

"मग ठीक आहे," मी म्हणालो.

त्यानंतर सुमारे चार महिन्यांनी झाडणाऱ्या बाईंना फरशीवर रक्ताचे ठिपके दिसले. ते ह्याच्या पावलाचे होते. चपलेच्या तळातून एक चुका वर आला होता आणि तो सकाळपासून त्यावर चालत होता. दुखत नव्हतेच. दवाखान्यात डॉक्टरांनी जखम धुतली, मग त्याच्या घोट्यामागे बोट फिरवले आणि काही वेळ तेथेच ठेवले. तेथे दोरीसारखे जाड काही हाताला लागत होते. मांडीच्या मागच्या बाजूस, जेथे स्वतःची नजर कधी जात नाही, एक फिकट चट्टा होता. कापसाचा बोळा फिरवला तरी त्याला तेथे समजत नव्हते. निदान ठरावयास फार वेळ लागला नाही. कुष्ठरोग.

पण या रोगाकडे येण्याआधी ती अरुंद वाट पाहू. ऐकता ऐकताच आपण आपल्या घोट्याच्या आतल्या बाजूस, हाडाच्या उंचवट्यामागे, दोन बोटे टेकावी. हलक्या हाताने चाचपले तर तेथे नाडीचा ठोका लागतो. त्या रोहिणीच्या लगत, किंचित मागे, आपला मज्जातंतू आहे. याच जागेतून शिरा जातात आणि पोटरीतून पावलाकडे उतरणाऱ्या तीन कंडरा जातात. खाली हाडांची भिंत, आणि वर घोट्याच्या हाडापासून टाचेच्या हाडापर्यंत ताणलेला चिवट, आडवा पट्टा. हा पट्टा कंडरांना जागेवर धरून ठेवतो. तो नसता तर पाऊल वळवताना त्या घसरल्या असत्या. त्याचा दोष एवढाच की तो ताणत नाही. या बोगद्यात शिरताना किंवा त्यातून निघतानाच तंतूला फाटे फुटतात: एक टाचेकडे जातो, दोन तळव्याकडे. तळव्याची बहुतेक सगळी संवेदना आणि बोटे रोवून धरणारे लहान स्नायू यांच्या हवाली आहेत.

बायकांना यातले गणित चटकन कळेल. हाताला सूज आली म्हणजे बांगडी रुतते. बांगडी लहान झालेली नसते. हात मोठा झालेला असतो. उलट कधी हात आहे तसाच असतो आणि बांगडीच लहान भरलेली असते. दोन्ही प्रकारांत मनगटावर वळ सारखाच उठतो, परंतु उपाय मात्र सारखा नसतो.

बांगडी लहान असण्याचा प्रकार म्हणजे ज्याला शास्त्रात टार्सल टनेल सिंड्रोम म्हणतात तो. १९६२ साली केक आणि लॅम या दोन डॉक्टरांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, त्याचे वर्णन या नावाने प्रसिद्ध केले. बोगद्यात एखादी पाण्याची गाठ वाढते, मेदाची गाठ होते, शिरा फुगतात, घोट्याचे हाड मोडून वेडेवाकडे जुळते, कंडरांच्या आवरणास सूज येते, किंवा पाऊल सपाट असून टाच बाहेरच्या बाजूस कलल्यामुळे तंतूवर सतत ताण बसतो. कित्येकदा कारण सापडतच नाही. रोगी सांगतो की तळव्याची आग होते, मुंग्या येतात, दिवसभर उभे राहिल्यावर त्रास वाढतो, रात्री पाय पांघरुणाबाहेर काढावासा वाटतो. घोट्यामागे बोटाने टिचकी मारली तर तळव्यात झिणझिण्या धावतात. या खुणेला फ्रेंच डॉक्टर टिनेल यांचे नाव आहे. विजेच्या तपासणीने तंतूतील संदेशाचा वेग मोजता येतो, आणि ध्वनिलहरींच्या किंवा एम. आर. आय.च्या चित्रात गाठ असेल तर ती दिसते. एक सावधगिरी मात्र सर्वच डॉक्टर सांगतात. तळव्याची आग कमरेतल्या दबलेल्या तंतूमुळे होते, मधुमेहामुळे होते, काही जीवनसत्त्वांच्या अभावी होते. दोन्ही पायांना मोजे घातल्यासारखी बधिरता असेल तर दोष बहुधा बोगद्यात नसतो. घोट्यावर सुरी चालविण्यापूर्वी हे सारे पारखले नाही, तर शस्त्रक्रिया निर्दोष होऊनही रोग्याला काडीचा उपयोग होत नाही.

पहिला उपाय सुरी नव्हेच. पावलाच्या कमानीस आधार देणारा तळ बुटात घालावा, सूज उतरवावी, काही आठवडे उभे राहणे कमी करावे, औषध घ्यावे, क्वचित बोगद्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन द्यावे, असा क्रम असतो. पुष्कळांचे एवढ्यावर भागते. ज्यांचे भागत नाही, किंवा ज्यांच्या चित्रात गाठ उघड दिसते, त्यांच्यासाठी शस्त्रक्रिया.

ती ऐकावयास भयंकर वाटते तशी नाही. कमरेखालचा भाग किंवा नुसता पाय बधिर करतात. घोट्याच्या हाडामागून टाचेच्या पुढे वळणारा छेद घेतात. आडवा पट्टा वरपासून खालपर्यंत उघडतात. पण येथे काम संपत नाही. तंतूचे फाटे पुढे अंगठ्याच्या बाजूच्या एका स्नायूखालच्या आवरणात शिरतात, आणि तेथेही अडचण असू शकते. ते आवरणही मोकळे करावे लागते. आपण गावचा रस्ता रुंद केला आणि वेशीपाशी तो पूर्ववत अरुंद राहिला तर गाड्या वेशीशीच तुंबणार, तसेच हे आहे. गाठ असेल तर काढतात. तंतूला स्वतःला मात्र फार चाळवत नाहीत, कारण त्याच्याभोवतीच्या बारीक रक्तवाहिन्या तुटल्या तर त्याची उपासमार होते, आणि भोवती वण धरला तर आज मोकळा केलेला तंतू उद्या त्या वणातच अडकतो. नंतर दोन-तीन आठवडे पायावर भार द्यावयाचा नसतो. टाचेजवळची कातडी भरून यावयास वेळ घेते. रोगी घाई करतात आणि टाके उसवतात.

गुण किती येतो, हा प्रश्न मी एका अस्थितज्ज्ञांना विचारला. त्यांचे उत्तर मला आवडले, कारण त्यात आश्वासन नव्हते. गाठीसारखे निश्चित कारण सापडले आणि त्रास थोड्या महिन्यांचा असला तर गुण चांगला. कारण सापडले नाही, किंवा रोगी वर्षानुवर्षे कुरकुरत असेल, तर भरवसा कमी. आणि एकदा शस्त्रक्रिया फसल्यावर तीच दुसऱ्यांदा करावयाची वेळ आली तर आणखी कमी. "आम्ही जागा करून देतो," ते म्हणाले. "राहावयाचे की जावयाचे ते तंतू ठरवतो."

पावलात तंतू दबण्याच्या आणखीही जागा आहेत. त्यांतील एक चवड्यात, बहुधा तिसऱ्या व चौथ्या बोटांच्या मुळांमध्ये असते. बुटात खडा गेल्यासारखे वाटते, बूट काढून झटकावा तर आत काहीच नसते. अमेरिकेतील शस्त्रवैद्य मॉर्टन यांनी १८७६ साली या दुखण्याचे वर्णन केले म्हणून त्यांचे नाव त्याला मिळाले. निमुळत्या टोकाचे बूट सोडले आणि चवड्याखाली लहानशी गादी घातली की पुष्कळांना आराम पडतो. नच पडला तर पावलाच्या वरच्या बाजूने छेद घेऊन हाडांमधला आडवा बंध कापतात, किंवा जाड झालेला तंतूचा तुकडाच काढून टाकतात. दुसऱ्या प्रकारात त्या दोन बोटांच्या बेचक्यात बधिरता कायमची राहते. ती पत्करूनच सही करावयाची असते.

दुसरी जागा खरे म्हणजे पावलात नाही, गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला आहे. पण तिची शिक्षा पाऊल भोगते. तेथे बारीक हाडाच्या मानेला वळसा घालून एक तंतू कातडीच्या अगदी खालून जातो. भातलावणीत किंवा निंदणीत तासन्‌तास उकिडवे बसणाऱ्या माणसाचा हा तंतू दबतो, घट्ट बसविलेल्या प्लॅस्टरखाली दबतो, आणि मग पाऊल वर उचलेनासे होते. चालताना चवडा जमिनीला घासत जातो. नुसत्या बसण्याने दबला असेल तर बहुधा काही आठवड्यांत आपोआप सुधारतो. तीन-चार महिने वाट पाहून सुधारणा दिसली नाही तर तेथील आवरण उघडून त्याला मोकळे करतात. घोट्याच्या पुढच्या बाजूस घट्ट नाड्यांच्या बुटामुळे दबणारा तंतू यांहून किरकोळ. बहुधा नाडी सैल करणे हाच त्याचा उपाय.

आता हातच सुजण्याचा प्रकार. कुष्ठरोगाच्या जंतूला थंडावा मानवतो. म्हणून तो शरीराच्या आत खोल न जाता कातडीत आणि कातडीलगतच्या मज्जातंतूंत घर करतो. कोपरामागचा तंतू, गुडघ्याबाहेरचा तंतू आणि घोट्यामागचा तंतू ही त्याची आवडती ठिकाणे. जंतू तंतूत शिरला एवढ्याने गोष्ट संपत नाही. शरीर केव्हातरी त्याच्याविरुद्ध उठते, आणि या उठावात तंतू सुजतो. या स्थितीस डॉक्टर रिअ‍ॅक्शन म्हणतात. ती औषध सुरू होण्यापूर्वी येऊ शकते, औषध चालू असताना येऊ शकते आणि औषध संपल्यावरही येऊ शकते. सुजलेला तंतू एकीकडे घोट्याच्या न ताणणाऱ्या बोगद्यात कोंडतो, आणि दुसरीकडे त्याचे स्वतःचे आवरणही फारसे ताणत नसल्याने आतल्या आत आवळला जातो. प्रथम शिरा दबतात, मग रक्त तुंबते, सूज वाढते, आणि शेवटी तंतूला रक्तच पोहोचत नाही. कधी हे भयंकर ठणक्यासह होते. कधी मुळीच आवाज न करता होते, आणि तेच अधिक घातक. माझ्या "मग ठीक आहे" या उत्तराच्या वेळी आमच्या शिपायाच्या पायात हेच चालले असावे.

संवेदना गेली म्हणजे तळवा झिजावयास लागतो. खडा टोचला तरी माणूस पावलाचा भार बदलत नाही, पायाला विसावा देत नाही. एकाच जागेवर हजार वेळा दाब पडून तेथे व्रण होतो, व्रणातून हाड कुजते. बोटे झडतात ती रोगाने झडत नाहीत. ती अशी, न कळलेल्या जखमांनी जातात. वेलोरचे डॉ. पॉल ब्रँड यांनी हे जगाला पटविले. १९४८ पासून त्यांनी कुष्ठरुग्णांच्या आखडलेल्या बोटांवर कंडरा बदलून बसविण्याच्या शस्त्रक्रिया केल्या, आणि मऊ रबराच्या तळाच्या चपलांचे महत्त्व लोकांना शिकविले. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशीर अंतिया यांनी प्लास्टिक शस्त्रक्रियेचा विभाग उभारला, तेथे कुष्ठरुग्णांना इतर रोग्यांसारखी खाट मिळवून देण्यासाठी त्यांना शस्त्रक्रियेइतकेच कष्ट पडले. त्याच्याही आधी, १९३६ साली, वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाण यांनी कुष्ठधाम सुरू केले. हे विनोबाजींच्या आश्रमातले सहकारी, आणि या कामास त्यांना विनोबाजींचा आशीर्वाद होता. त्या काळी या रोगावर नेमके औषध नव्हते. जखमा धुणे, बांधणे आणि माणसाला माणूस म्हणून वागविणे एवढेच हाती होते. चालून चालून देश जोडू पाहणाऱ्या त्या पुरुषाचे लक्ष, ज्यांना आपले पाऊल कोठे पडते हे कळत नाही अशा लोकांकडे इतक्या आधी गेले होते, हे येलवालच्या रस्त्याने संध्याकाळी फिरताना मला पुष्कळदा आठवते.

औषधे आज आहेत. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत सुचविली आणि रोग निश्चितपणे बरा होऊ लागला. २००५ च्या डिसेंबरपर्यंत आपल्या देशातील प्रमाण दर दहा हजारांमागे एकाहून खाली आले. या आकड्याने आपले थोडे नुकसानही झाले, असे माझे मत आहे. रोग संपला अशी समजूत पसरली. वस्तुतः जगातील नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक अजूनही भारतातच सापडतात. चप्पल निसटणे ही या रोगाची जुनी, ओळखीची खूण आहे, हे पूर्वी आरोग्यखात्यातला साधा कर्मचारी सांगू शकत असे, मी, एम. ए. झालेला अधिकारी, ती खूण रोज जिन्यावर पाहून हसत होतो.

औषधाने जंतू मरतो. दबलेला तंतू मात्र त्याने मोकळा होत नाही. तंतूची सूज उतरविण्यासाठी प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड भरपूर मात्रेत सुरू करून महिनोन्‌महिने हळूहळू कमी करीत नेतात. तंतूचे काम बंद पडून सहा महिन्यांहून कमी काळ झाला असेल तर त्याचा लाभ होण्याची आशा असते. मग सुरी केव्हा? येथे तज्ज्ञांचे एकमत नाही, आणि ते नाही हे रोग्याला सांगितले पाहिजे. २०१२ साली कॉक्रेन या संस्थेच्या संशोधकांनी उपलब्ध पुराव्याची छाननी केली तेव्हा कसोटीस उतरणाऱ्या दोनच चाचण्या त्यांना सापडल्या. औषध व शस्त्रक्रिया दोन्ही मिळालेल्यांना नुसते औषध मिळालेल्यांपेक्षा निश्चित अधिक लाभ झाला, असे त्यांवरून सिद्ध करता आले नाही. म्हणजे शस्त्रक्रिया निरुपयोगी ठरली असे नव्हे. तिचा उपयोग पुरेसा मोजलाच गेलेला नाही. प्रत्यक्षात अनुभवी शस्त्रवैद्य तीन प्रसंगी पुढे होतात: तंतूत पू झाला असेल तर, औषधाने ठणका हटत नसेल तर, आणि तीन-चार आठवडे पूर्ण मात्रेत औषध देऊनही तंतूची शक्ती घटतच चालली असेल तर. घोट्यामागचा पट्टा उघडतात, आणि त्याखेरीज तंतूच्या स्वतःच्या आवरणालाही लांबट छेद देतात. बांगडी कापली म्हणजे हाताची सूज उतरत नाही, पण बोटे काळी पडावयाची थांबतात. सूज उतरविणे हे औषधाचेच काम राहते. म्हणून शस्त्रक्रियेनंतर स्टिरॉइड थांबवीत नाहीत.

मधुमेहाच्या बधिर पायांवरही अशीच शस्त्रक्रिया काही ठिकाणी करतात. तेथे तर वाद अधिक तीव्र आहे. २००६ साली अमेरिकेतील मज्जातंतुतज्ज्ञांच्या संस्थेने तिची उपयुक्तता असिद्ध असल्याचा अभिप्राय दिला. साखर आटोक्यात न आणता कोणी केवळ छेद घेऊन पाय बरा करण्याचे आश्वासन देऊ लागला तर श्रोत्यांनी दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे, एवढेच सुचवितो.

आणि तंतू मेलाच असेल तर? मग त्याला जागा करून देण्यात अर्थ नाही. त्यासाठी निराळी शस्त्रक्रिया आहे, आणि मला तरी ती सर्वांत विलक्षण वाटते. गुडघ्याबाहेरचा तंतू गेल्यामुळे पाऊल लोंबू लागले, पण घोट्यामागचा तंतू शाबूत आहे, अशी स्थिती पुष्कळदा असते. तेव्हा पाऊल आत ओढणाऱ्या एका स्नायूची कंडरा तिच्या जागेवरून सोडवतात, नडगीला वळसा घालून किंवा दोन हाडांमधून पुढे आणतात आणि पावलाच्या वरच्या अंगास जोडतात. सुमारे सहा आठवडे प्लॅस्टर. मग त्या स्नायूला त्याचे नवे काम शिकवावे लागते. आजवर जो पाऊल आत खेचीत होता तो आता वर उचलणार. बदली झालेल्या कारकुनाला नव्या खात्याचे नियम शिकवावे तसे व्यायामशिक्षक त्याला शिकवतात. पाऊल पुन्हा उचलले जाते. चवडा घासत नाही. मात्र ही शस्त्रक्रिया घाईने करीत नाहीत. पक्षाघात होऊन सहा महिने ते वर्ष लोटावे लागते, रिअ‍ॅक्शन शांत असावी लागते, आणि व्रण भरलेला असावा लागतो.

आमच्या शिपायावर ही वेळ आली नाही. त्याचा बारा महिन्यांचा औषधक्रम सुरू झाला, पायाला विसावा देऊन जखम भरली. दुसऱ्या महिन्यात रिअ‍ॅक्शन आली. आता मात्र घोट्यामागे असा ठणका लागला की तो रात्ररात्र बसून काढी. स्टिरॉइड चालू होते; पण चार आठवड्यांनी पाहिले तर पायाची बोटे आणखी आखडलेली. शस्त्रवैद्यांनी त्याला बोलावून सांगितले की शस्त्रक्रियेने ठणका जाईल असे वाटते, बोटांतली शक्ती राहील तेवढी राहील, आणि तळव्याची संवेदना परत येईलच असे नाही. त्याने माझ्याकडे पाहिले. "साहेब, तेव्हा आलो असतो तर?" असे त्याने विचारले नाही. मी मनात विचारले, आणि बाहेर पडल्यावर डॉक्टरांना विचारले. त्यांनी सरळ सांगितले की चार महिन्यांपूर्वी बहुधा गोळ्यांवर भागले असते.

शस्त्रक्रिया होऊन आता आठ महिने झाले. ठणका तिसऱ्या दिवशीच थांबला. कचेरीत काहींनी त्याच्या हातचे पाणी घेण्याचे टाळले, तेव्हा औषध सुरू झाल्यावर त्याच्यापासून कोणाला लागण होत नाही हे मला परिपत्रकासारखे प्रत्येकाच्या टेबलाशी जाऊन सांगावे लागले. या कामी माझा अधिकार प्रथमच उपयोगी पडला असे म्हणेन. त्याला आता मऊ रबराच्या तळाची, टाचेमागे पट्टा असलेली चप्पल मिळाली आहे. रात्री निजण्यापूर्वी त्याची मुलगी बॅटरीच्या उजेडात तळवे तपासते. कोठे लाली, कोठे भेग. दिवसा पाणी गरम आहे का ते तो कोपराने पाहतो, पावलाने नव्हे.

मज्जातंतू पुन्हा वाढू लागला तर तो दिवसाला सुमारे एक मिलिमीटर वाढतो. घोट्यापासून बोटांच्या टोकापर्यंतचे अंतर वीतभर धरले तरी सहा-सात महिने होतात, आणि कुष्ठरोगाने चरलेला तंतू इतक्या नेमाने वाढेलच असे नाही. डॉक्टर दर भेटीला तंतूच्या मार्गावर बोटाने टिचकी मारीत जातात आणि झिणझिणी कोठवर येते तेथे शाईने खूण करतात. पहिले दोन महिने खूण घोट्यामागेच राहिली. पाचव्या महिन्यात ती टाचेपर्यंत आली. गेल्या भेटीत ती टाचेच्या पुढे दोन बोटे सरकली होती, आणि तेथे नायलॉनचा जाड धागा टेकवला तेव्हा डोळे मिटून बसलेला तो चाचरत म्हणाला, "काहीतरी आहे."